गोदाक्काची पिन टेबलाखाली सापडली

मनू,

तू पहाटे गोदाक्काला घेऊन रोबोटांच्या लढतीला निघालीस तेव्हा मी जागाच होतो. दाराची कडी वाजली, बॅग उंबऱ्याला घासली, सगळं ऐकलं. उठावंसं वाटत होतं पण रात्री एवढं काहीबाही बोलून बसलेलो की आता उठून काय तोंड दाखवायचं तेच कळेना, म्हणून भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. आई म्हणते तू आमच्या खोलीच्या दारापर्यंत येऊन परत फिरलीस. खरं का ते?

असो. लिहायचं कारण वेगळं आहे. सकाळी तुझ्या टेबलाखालचं झाडायला घेतलं, चिडू नकोस, वर कशालाही हात लावलेला नाही, वायरी जशाच्या तशा आहेत. तर चॉपिंग बोर्डाचा तो पांढरा चुरा पडलेला असतो ना त्यात पिन सापडली. तुझ्या रोबोटची, गोदाक्काची पिन. तिचं वेपन, म्हणजे तो फिरणारा पोलादी बार, अडकवायची ती.

तीन वेळा फोन केला. गाडीत रेंज नसेल, किंवा उचलायचा नसेल, दोन्ही कबूल. पण गोदाक्काला डब्यातून बाहेर काढायच्या आधी हे वाच एवढंच.

पिन व्हर्नियरनं मोजली, 3.9 मिमी भरली. बारचं भोक मीच पाडलंय, 4.2 च्या ड्रिलनं. म्हणजे तिथे कुणाकडे 4 चं ड्रिल बिट मिळालं तर पिनेऐवजी ते उलटं घाल, गुळगुळीत बाजूनं, बरोबर बसेल. 4 ची ॲलन की बसणार नाही, षटकोनाचे कोपरे आडवे येतात, जबरदस्ती करून भोक खराब करू नकोस. 3 ची जाईल, जरा ढिली राहील पण बार अडवेल. आणि वर लाल काहीतरी बांध, लांबून दिसलं पाहिजे. झालं, पिनेबद्दल एवढंच.

रात्रीचं सांगतो. मी स्वयंपाकघरातून आलो तर तू फरशीवर मांडी घालून बसलेली, रिमोट हातात, गोदाक्का उलट्या प्लास्टिकच्या बादलीखाली आणि तो आवाज. तो आवाज मला ओळखीचा आहे गं. तीस वर्षं मशीनवर काढलीत, बारीक शिट्टीसारखा आवाज चढत गेला की न बघताही कळतं काय गतीनं फिरतंय. मी मेन स्विच बंद केला. रोबोट बॅटरीवर चालतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही, अख्ख्या घरात अंधार आणि त्या अंधारात तो आवाज तसाच चालू. मग जे बोललो ते बोललो. 'भंगार' म्हणालो. तो शब्द मागे घेतो. बादलीबद्दलचं एकही अक्षर मागे घेत नाही.

कारण हिशोब तूच मला शिकवलायस, वहीच्या मागच्या पानावर अजून आहे. 1000 केव्हीची मोटर, म्हणजे व्होल्टला 1000 फेरे, तीन सेलची लिपो बॅटरी 11.1 व्होल्ट, म्हणजे मोकळी फिरली तर मिनिटाला 11,100. हवेचा अडथळा धरून आपण 10,000 धरले होते. बार 75 मिमी लांब, 80 ग्रॅमचा. टोकाचा वेग ताशी 140 किलोमीटरच्या वर निघाला आणि ऊर्जा 23 ज्यूल. तू हसत म्हणालीस, म्हणजे बाबा एक किलोचं वजन जवळजवळ अडीच मीटरवरून पाडल्यासारखं. मी पण हसलो. मग रात्री झोप नाही. तुझ्या बोटावर एक किलोचं वजन अडीच मीटरवरून, एवढंच दिसत राहिलं. माझा लेथ बाराशेच्या वर मी क्वचित नेला असेन.

आणि बादली म्हणजे काय, कागदच तो. ठिसूळ प्लास्टिक, तुकडा लागला की फुटून तिचेच आणखी दहा तुकडे उडणार. रिंगणाला पॉलीकार्बोनेट उगाच लावत नाहीत, ते वाकतं पण तडकत नाही, ॲक्रिलिक दिसायला तसंच पण काचेसारखं फुटतं. हे मी तुला सांगतोय म्हणजे बघ, हेही तूच मला सांगितलेलंस.

लेक्चर झालं. सॉरी. आई आत्ताच मागून वाचून गेली आणि म्हणाली पत्र लिहिताय का नोटीस.

तुला तो बार बनवला तो आठवडा आठवतो का? तू माझी जुनी कानस मागायला आलेलीस, म्हणे बाबा हे भारी पोलाद आहे, फुकटात वेपन होईल. मी आधी नाहीच म्हणालो. कानस कडक असते पण ठिसूळ, पहिल्याच धडकेत तुकडे होऊन समोरच्याच्या ऐवजी आपल्याच पोटात घुसतील. तुझा चेहरा पडला. मग मलाच राहवेना. लालबुंद करून राखेत पुरली, रात्रभर थंड होऊ दिली तेव्हा कुठे ड्रिल आत गेलं. कापली, भोकं पाडली, कडा घासल्या, मग परत भट्टीत. तू लोहचुंबक घेऊन उभी, चिकटायचं बंद झालं की सांग म्हटलेलं, आणि तू ओरडलीस 'बाबा सोडलं!' आणि आपण ती तेलात बुडवली. कढईतून धूर, आई खिडक्या उघडत फिरतेय. पण असं बुडवून कडक केलेलं पोलाद तसंच ठेवून चालत नाही, परत हलकं तापवावं लागतं. तिथे तू जी वाट बघितलीस मनू, घासून चकचकीत केलेल्या कडेवर आधी पिवळसर छटा, मग तपकिरी, मग जांभळी, आणि निळा चढला न चढला तोच तू चिमट्यानं उचललीस. मी सांगायच्या आधी. माझ्या हाताखाली पोरं शिकून गेली, त्यातल्या निम्म्यांना तो निळा कधी कळला नाही, जांभळ्यावरच घाई करायचे नाहीतर पुढे जाऊन पोलाद मऊ करून टाकायचे. हे मी तुला त्या दिवशी बोललो नाही. का नाही बोललो देव जाणे.

आणि वजनाची ती रात्र. मर्यादा 454 ग्रॅम आणि गोदाक्का 461. सात ग्रॅम! माणसाला सात ग्रॅम म्हणजे काही नाही आणि तू रडायच्या बेतात. मी म्हटलं बारमधून काढू, तू म्हणालीस बारला हात लावायचा नाही, वजन तिथेच पाहिजे. मग तू प्रत्येक वायर आखूड करून परत डाग दिलास, स्क्रू अर्धे कापलेस, तळाला भोकं पाडत बसलीस, एकेक भोक पाडायचं आणि काट्यावर ठेवायचं. पहाटे 453. दादा तुझ्या वयात गाडीच्या चाकात हवा भरायला कंटाळायचा.

तू पैसे पण कुठे मागितले नाहीस. बॉडीला चॉपिंग बोर्ड आईचा (तिला नवा अजून मिळालेला नाही, आठवण करून देतोय), मोटर कुणाच्या तरी पडलेल्या ड्रोनची, चाकं फोमची कापून वर लॅटेक्सचा थर. बाकीच्यांचे महागातले रोबोट बघून येशील आणि परत तोंड पाडशील, तर पाडू नकोस. तो बोर्डाचा प्लास्टिक मार खातो, दबतो, पण तडकत नाही. तू व्हिडिओत दाखवलेलास ना तो कढईचा रोबोट, ब्लेंडो, 1995 चा, ज्याचे मारलेले तुकडे भिंतीवरून बाहेर उडाले आणि शेवटी त्याला थांबायला सांगावं लागलं. वरचं कवच साधी कढई. आणि रोबोट वॉर्स ही स्पर्धा ज्यानं 1994 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू केली तो मार्क थॉर्प, तो तर घरचा व्हॅक्युम क्लीनर रिमोटवर चालवायला गेलेला. पण बघ, मला त्यातलं काय लक्षात राहिलं तर भिंतीवरून उडालेले तुकडे.

बॅटरी बॅगेत ठेवलीस ना, त्या न जळणाऱ्या पिशवीत? कपड्यांमध्ये नको. पूर्ण भरून नेऊ नकोस प्रवासात, सेलला 3.8 व्होल्ट पुरे, तिथे गेल्यावर भर, भरताना समोर बस, सेलला 4.2 च्या वर नाही, आणि फुगलेली दिसली तर तिच्यावर जीव लावू नकोस. तिथे पहिल्यांदा फिरवून बघायची वेळ आली तर अर्ध्या गतीवर बघ. गती अर्धी केली की मार चौथाई होतो, 23 चे सहा ज्यूल. हे सगळं तुला माहीत आहे. रिमोट आधी चालू, मग रोबोट, बंद करताना उलट, आणि रिमोट बंद केला की वेपन आपोआप थांबतंय का हे लढतीआधी एकदा. माहीत आहे तुला. आणि पिन सगळ्यात शेवटी काढायची, रिंगणाच्या आत, आणि लढत संपल्यावर बार पूर्ण थांबला की हात लावायच्या आधी पहिली पिन. जिंकलीस तरी. जिंकलीस तर जास्तच, कारण तेव्हा माणूस धावत आत जातो.

बघ, परत पिनेवर आलो.

एक सांगायचं होतं, फोनवर जमलं नसतं. माझं अर्धं बोट. लहानपणी तू त्याला बाहुलीचं फडकं गुंडाळायचीस. घरात सगळ्यांना मी सांगितलंय की चकची, म्हणजे लेथवर काम पकडणाऱ्या जबड्याची, चावी दुसऱ्यानं चकमध्ये विसरली आणि मी मशीन चालू केलं. आईलाही तेच माहीत होतं, आज सकाळपर्यंत. दुसरं कुणी नव्हतं मनू. शिफ्ट माझी, मशीन माझं, चावी माझी. त्या दिवशी सकाळी नानांशी भांडून निघालेलो, डोक्यात तेच चालू होतं, जॉब बांधला, चावी तशीच राहिली आणि हात स्विचवर. चावी कुठून आली ते दिसलंही नाही. त्याआधी नऊ वर्षं मी एकदाही विसरलो नव्हतो आणि नवशिक्या पोरांना मीच ओरडायचो, चावी हातातून सुटली नाही पाहिजे म्हणून.

तर आज ती पिन हातात धरून मी तिथेच खाली बसलो. आई आली, काय झालं म्हणाली, तेव्हा तिला सांगितलं. ती काही बोलली नाही, माझ्या हातातून झाडू घेतला.

काल रात्री तुला भांडून पाठवायला नको होतं. बोलायचंच होतं तर आठ दिवस आधी बोलायचं, नाहीतर तू आल्यावर. जायच्या आदल्या रात्री नाही. ही चूक माझी, आणि तुझ्या डोक्यात आता तेच चालू असेल तर ते काढून टाक, मी रागावलेलो नाही. घाबरलो होतो, मला ते नीट करता येत नाही.

आलीस की पहिलं काम टेस्टबॉक्स, घरी वेपन फिरवून बघायची बंद पेटी. मोजमाप काढून ठेवलंय, पॉलीकार्बोनेटचा एक जुना तुकडा माझ्याकडे आहे, बाकी फळ्या. झाकणाला असा खटका करू की झाकण उघडं असेल तर रिमोट हातात घेताच येणार नाही, रिमोट झाकणाच्या कडीलाच अडकवायचा. कसं ते तू शोध.

तुझा,
बाबा

ता. क. आई म्हणते पिना दोन होत्या, लाल रिबीन तिनं नव्या पिनेला शिवलेली आणि मला सापडली तिला रिबीन नाही. म्हणजे ही जुनी असेल आणि नवी तुझ्याकडे असेल. असेल. तरी फोटो पाठव. गोदाक्काचा राहू दे, पिनेचा पाठव, लावलेल्या.