रोझास पत्र

शिवोली, बार्देश
२० जून

प्रिय रोझा,

काल फोनवर "पप्पा, यंदा सांजावाचे नावही काढू नका, आता आनंद कसला," असे म्हणून तू फोन ठेवलास. मी रागावलेलो नाही. २४ जूनच्या या संत योहानाच्या सणाला येण्याचा आग्रह आम्ही करणार नाही, एवढेच कळवायला बसलो. पण जेम्स गेल्यापासून वास्कोच्या त्या फ्लॅटमध्ये तू रात्री एकटी असतेस, हे मनातून जात नाही.

तुमच्या लग्नानंतरच्या पहिल्या सांजावाला जेम्स जावई म्हणून आला, तेव्हा मम्मीने फणस-अननसांचे वजें, म्हणजे भेटीची टोपली, सजवले होते. डोक्यावर कोपेल, म्हणजे पानाफुलांचा मुकुट, घालून त्याने आपल्या विहिरीत उडी मारली, ती चष्म्यासकट, आणि वाजवायचे घुमट बाजूला ठेवून सगळी पोरे चष्मा शोधत पाण्यात बुड्या मारत राहिली. तो मात्र काठावर बसून, काही न दिसता, सर्वांकडे पाहून हसत होता. फार चांगला मुलगा होता.

येशूची आई मरीया अलीशिबेला भेटायला गेली तेव्हा मरीयेचा आवाज ऐकताच अलीशिबेच्या उदरातल्या योहानाने उल्लासाने उडी मारली, असे लूकने लिहिले आहे. आपण विहिरीत उड्या मारतो त्या त्याचीच आठवण म्हणून. तोच योहान पुढे हेरोदाच्या तुरुंगात शिरच्छेदाने मेला. ख्रिस्तसभेने २४ जूनला त्याचा जन्म आणि २९ ऑगस्टला त्याचे मरण, असे दोन्ही दिवस पाळले, एकासाठी दुसरा पुसला नाही. म्हणून तुझे रडणे श्रद्धेच्या आड येते असे मला मुळीच वाटत नाही. योहानाला उदरात ज्याने हर्ष दिला, त्याने तुरुंगातही त्याचा हात सोडला नाही आणि जेम्सचाही सोडलेला नाही, हे मनाला पटते त्या घटकेला डोळे वाहत असतानाही आत आनंद होतो. मिंगेलकाका गेल्यावर आजी शुक्रवारी तेर्सातली, म्हणजे रोझरीच्या प्रार्थनेतली, दुःखाची रहस्ये संपवून, कोणी सांगितलेले नसताना, लगेच गौरवाची सुरू करीत असे, आणि पुनरुत्थानाच्या रहस्यापाशी आल्यावर तिचा आवाज मोठा होई. तू तिच्याशेजारी बसून तेर्स म्हणायचीस. तुझ्या आवाजाचा मला तेव्हापासून अभिमान आहे. चर्चच्या गायनवृंदात तुझी जागा अजून कोणी घेतलेली नाही.

हे प्रवचन झाले, क्षमा कर. तुला ते ठाऊक आहे, आणि नवरा गमावण्याचे दुःख काय असते ते मला ठाऊक नाही.

तरी एक लिहितोच. योहानाला मारल्याची बातमी कळल्यावर येशूही होडीत बसून एकांतात गेला. लोक पायी त्याच्यामागे आले, तेव्हा त्याने त्यांना परत पाठवले नाही. त्यांचा कळवळा येऊन त्याने आजाऱ्यांना बरे केले आणि संध्याकाळी भाकरी मोडून सर्वांना जेवू घातले. तूही थोडे दिवस एकांत घे, पण दार लावून बसू नकोस. रात्री जेवतेस की नाही, हे विचारले की तू विषय बदलतेस, आणि मग मला झोप येत नाही.

फिलूमावशी शनिवारी दुपारच्या बसने तुझ्याकडे येत आहे. ती चार दिवस राहील, सणाबद्दल एक शब्द बोलणार नाही, असे तिने मला वचन दिले आहे. तिला परत पाठवू नकोस, आणि ती पोहोचली की फोन तू स्वतः कर.

तुझा,
पप्पा