थेंब डोळ्यात, काळजी बाळाची

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या आरोग्य पुरवणीतला डोळ्यांच्या ॲलर्जीवरचा लेख आवडला. मात्र गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांची बोळवण त्यात ‘डॉक्टरांच्या सल्ल्यानेच थेंब घ्यावेत’ एवढ्या एका ओळीत केली आहे. मी फार्मासिस्ट आहे. अशीच ओळ वाचलेल्या बायका माझ्यासमोर येतात. डोळे चोळून चोळून लालभडक, पापण्या सुजलेल्या आणि पर्समध्ये डॉक्टरांनीच दिलेली, सील न फोडलेली बाटली. ‘बाळाला काही झालं तर, म्हणून घातलेच नाहीत.’

डोळ्यातलं औषध बाळापर्यंत पोचेल तरी कसं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. अख्खा थेंब डोळ्यात मावत नाही. उरलेला कोपऱ्यातल्या बारीक नळीतून नाकात आणि घशात उतरतो (थेंबांनंतर तोंड कडू होतं ते यामुळेच) आणि नाकाच्या अस्तरातून रक्तात जातो. मात्रा मुळात किरकोळ असते. ॲलर्जीवरच्या ०.१ टक्के ओलोपॅटाडीन या औषधाच्या एका थेंबात औषध भरतं साधारण ०.०४ मिलिग्रॅम. तेही रक्तात कमी जावं असं वाटत असेल तर एकच थेंब घाला, डोळा अलगद मिटा, नाकालगतचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरा आणि ओघळलेलं टिपून घ्या. लगेच घातलेला दुसरा थेंब गालावरच जातो.

क्रोमोग्लिकेट हे ॲलर्जीचंच दुसरं औषध शरीरात जवळजवळ शोषलंच जात नाही, म्हणून गरोदरपणात बहुधा त्याला पहिली पसंती असते. पण ते दिवसातून चारदा घालावं लागतं आणि गुण यायला वेळ लागतो, त्यामुळे बायका कंटाळून मध्येच सोडतात. ओलोपॅटाडीन, केटोटिफेन यांचा गरोदरपणातला अनुभव तुलनेने कमी. स्तनपानात मात्र डॉक्टर सहसा ते अडवत नाहीत. कुणी मोबाइलवर ‘सी श्रेणी’ दाखवतं, म्हणजे गरोदरपणातल्या धोक्यानुसार औषधाला दिलेलं अक्षर. त्या अक्षरांनी गैरसमज होतात म्हणून अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१५ पासून ती हटवायला घेतली, तरी भीती आपली तिथंच!

मला धास्ती आहे ती वेगळ्याच बाटलीची. स्वतःचे थेंब टाळणारी बाई घरात दुसऱ्या कुणासाठी आणलेले थेंब बिनदिक्कत घालते. त्यात स्टेरॉइड असलं तर खाज झटकन थांबते, म्हणून ती घालतच राहते, आणि डोळ्यातला दाब वाढला तरी तिला कळत नाही. लाली घालवणारे नाफाझोलीनचे थेंब रक्तवाहिन्या आवळतात. तेही या काळात विचारल्याशिवाय नकोत. थंड पाण्याच्या घड्या आणि प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले कृत्रिम अश्रू यांना मात्र घाबरायचं कारण नाही.

पुढच्या वेळी असा लेख आला तर औषधांची नावं द्या आणि कोपरा कुठे दाबायचा याचं एक रेखाचित्र छापा, ही विनंती.

आपली,
एक फार्मासिस्ट वाचक