दुप्पट म्हणजे नेमकं किती?

संपादक महोदय,

आरोग्याच्या बातम्यांत ‘धोका दुप्पट’, ‘धोका ५० टक्क्यांनी कमी’ असं सारखं छापून येतं पण कशाच्या दुप्पट ते कुणी सांगतच नाही, खरी गोम तिथेच आहे. १९९५ मध्ये ब्रिटनमधल्या सरकारी समितीने इशारा दिला की नव्या प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका जुन्या गोळ्यांच्या तुलनेत दुप्पट होतो, मीडियाने तेच उचललं, बायका घाबरल्या, अनेकींनी गोळ्या एकदम बंद केल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये अंदाजे १३ हजार गर्भपात जास्त झाले. मूळ आकडा काय होता? साधारण ७,००० बायकांमध्ये १ ऐवजी २! शिवाय गरोदरपणात गुठळ्यांचा धोका त्या गोळ्यांपेक्षा जास्तच असतो, पण ‘दुप्पट’ म्हटल्यावर ते कुणाच्या लक्षात येणार. मला याचा फार राग येतो, कारण आकडा खोटा नव्हता, सांगायची पद्धत चुकली.

तुमच्या पेपरला मनापासून विनंती आहे, टक्केवारी छापताना शेजारी मूळ आकडे पण द्या, अभ्यास माणसांवर झाला की उंदरांवर, किती जणांवर आणि पैसे कुणी दिले हेही लिहा, दोन ओळी जास्त लागतील फक्त.

— एक नियमित वाचक