‘टाकलेली’ लिहू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत एका बाईंची ओळख ‘नवऱ्याने टाकलेली’ अशी छापून आली. हा शब्द मी लहानपणी चर्चमध्ये ऐकला आहे. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातला 19वा अध्याय, बायको ‘टाकण्याचा’, वाचायला घेतला की मागच्या बाकावर माझी मावशी मान खाली घालायची. गाव तिला त्याच शब्दाने ओळखत होतं.

निवृत्तीनंतर अभ्यासवर्गात थोडं ग्रीक शिकले आणि सर्वांत आधी मूळ ग्रीकमधला तोच अध्याय उघडला. तिथलं क्रियापद आहे ‘अपोल्युओ’. ‘अपो’ म्हणजे -पासून, ‘ल्युओ’ म्हणजे बांधलेलं सोडणं. फेकण्याला ग्रीकमध्ये ‘बाल्लो’ हा निराळाच शब्द आहे. रोमी सुभेदार पिलात बरब्बा नावाच्या कैद्याला सोडतो, येशू लोकांना जेवू घालून घरी पाठवतो, म्हातारा शिमोन बाळ येशूला हातांवर घेऊन आता शांतीने जायला मोकळा झालो म्हणतो, तिन्हीकडे ‘अपोल्युओ’च. लूकच्या शुभवर्तमानाच्या 6व्या अध्यायात तर त्याचा अर्थ क्षमा करणं असा घेतात.

मला भिडला तो लूकचा 13वा अध्याय. 18 वर्षं कमरेत वाकून चालणाऱ्या बाईला येशू म्हणतो, बाई, तू सुटलीस. पुन्हा तेच क्रियापद. शब्बाथाला, म्हणजे यहुद्यांच्या विश्रांतीच्या दिवशी, बरं केलं म्हणून सभास्थानाचा, म्हणजे त्यांच्या प्रार्थनास्थळाचा, अधिकारी चिडतो. त्यावर येशू विचारतो, शब्बाथाला तुम्ही बैल, गाढव गोठ्यातून सोडून पाण्यावर नेत नाही का? मग अब्राहामाच्या या लेकीला सोडवायला नको? इथे नुसतं ‘ल्युओ’ आहे. दावं सोडणं म्हणजे काय, हे आमच्या नगरकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

तेव्हाचा घटस्फोट बाईला सोपा होता असं मी म्हणत नाही. यहुदी रिवाजात सूटपत्र लिहून द्यायचं ते नवऱ्यानेच. मावशीला तर कागदही मिळाला नाही. पण त्या ग्रीक शब्दाने बाईचा केर केला नव्हता. आपल्या ‘सोडचिठ्ठी’तही ‘सोड’च आहे, मग ‘टाकलेली’ कशाला?

मावशीने दवाखान्यात 30 वर्षं आयाचं काम केलं, दोन भाचरं शिकवली. त्यातली एक मी. तिच्यासारखीबद्दल पुन्हा लिहाल तेव्हा ‘पतीपासून विभक्त’ लिहा, नाहीतर नवऱ्याचा उल्लेखच करू नका.

– एक निवृत्त शिक्षिका, अहिल्यानगर