मॉड्युलर किचनच्या टोकनचे 25,000 रुपये परत करण्याबाबत (पाचवं आणि शेवटचं पत्र)

नाशिक, 14 ऑक्टोबर 2025

प्रति,
व्यवस्थापक, किचन विभाग

काल दुपारी तुमच्या ग्राहक सेवेत बावीस मिनिटं सनई ऐकली. त्यानंतर 'सीनियर' म्हणवणाऱ्या बाईंनी मला सांगितलं की एक्झिक्युटिव्हने व्हॉट्सॲपवर दिलेलं रिफंडचं आश्वासन म्हणजे कंपनीचा शब्द नव्हे. मग लगेच, त्याच दमात, "पण मॅडम, आजच्या आज ऑर्डर कन्फर्म केलीत तर पंचवीस हजार ॲडजस्ट होतील आणि चिमणी फ्री मिळेल." मी तक्रार करायला फोन केला होता. तक्रारीच्या फोनवरही तुमच्याकडे 'आजच्या आज' असतं, हे कळल्यावर मी फोन ठेवला आणि पत्र लिहायला बसले.

घटना तुमच्या सिस्टीममध्ये असेलच, तरी लिहिते. 5 सप्टेंबरला तुमचा 'डिझाइन कन्सल्टंट' दुपारी साडेचारला आमच्या घरी आला. येण्याआधी त्याने तीनदा फोन करून खात्री केली की आम्ही दोघंही घरी असू. "काका-काकू दोघं असाल तरच येतो." तेव्हा मला वाटलं, मुलगा चांगल्या घरचा आहे. आता कळतं की 'यजमानांना विचारून सांगते' ही एकमेव पळवाट त्याने आधीच बंद करून ठेवली होती.

तो रात्री पावणेदहाला गेला. या सव्वापाच तासांत मापं घेण्यात बारा मिनिटं गेली. माझी उंची पाच फूट आहे, सध्याचा ओटा 30 इंचांचा आहे आणि तुमचा 34 चा येतो. पोळ्या लाटताना माझे खांदे कानाशी येतील, हे मी दोनदा सांगितलं. त्याच्या थ्रीडीत ओटा 34 इंचांचाच राहिला. मात्र त्यावर फुलदाणी होती.

आता भाव. सुरुवात 5,86,000 पासून. 'फेस्टिव्ह' 40 टक्के सूट, म्हणजे 3,51,600. मी गप्प बसले, कारण मी हिशेब करत होते. त्याला वाटलं मला महाग वाटतंय. मग तो बाल्कनीत जाऊन 'डायरेक्टर साहेबां'शी बोलला आणि येताना घाम पुसत म्हणाला, "काकू, 3,36,000. पण फक्त आज रात्री आठपर्यंत." का, तर परवा पक्ष लागतोय, पक्षात कोणी शुभ काम करत नाही, आणि नवरात्रात रेट वाढणार. तुमच्या डायरेक्टर साहेबांना पंचांग इतकं पाठ आहे याचं मला कौतुक वाटलं. जीएसटी वेगळा, हे कळायला साडेसात वाजले. म्हणजे 3,96,480. ओट्याचा दगड वेगळा, हॉब म्हणजे ओट्यात बसवायची शेगडी वेगळी, सिंक वेगळं.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मला हे पत्र वकिलाकडून न लिहून घेता स्वतः लिहायचं होतं, ती.

मी विचारलं की कपाटांचे बॉक्स कशाचे आहेत. त्याने माझ्या यजमानांकडे बघून उत्तर दिलं, "सर, मरीनच समजा." मी म्हटलं, समजा म्हणजे काय? आयएस 710 चा, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचा शिक्का आहे की नाही? कोटेशनमध्ये तर प्री-लॅम पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाच्या भुशाचा बोर्ड लिहिलाय, तेही सिंकखाली. तर हा मुलगा, माझ्या धाकट्या भाच्याच्या वयाचा, हसला, लॅमिनेटच्या नमुन्यांचा गठ्ठा माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाला, "काकू, तुम्ही कलर बघा. हिशेब काका आणि मी बघतो."

मी 31 वर्षं बँकेत होते. शेवटची नऊ वर्षं कर्ज विभागात. माझे यजमान चित्रकलेचे शिक्षक होते, त्यांनी आजवर स्वतःचं इन्कम टॅक्स रिटर्न भरलेलं नाही, आणि रंगांतलं या घरात कुणाला कळत असेल तर ते त्यांनाच. ते त्याला शांतपणे म्हणाले, "आमच्याकडे उलट आहे. रंग मी बघतो, हिशेब ही बघते." यावर तुमच्या माणसाने टाळी वाजवली. खरंच वाजवली. "वा! होम मिनिस्टर!" आणि परत त्यांच्याचकडे वळून ईएमआय समजावायला लागला. 'नो कॉस्ट'. मी म्हटलं, शून्य टक्के व्याज असं काही नसतं, रिझर्व्ह बँकेने 2013 सालीच बँकांना तसं बजावलंय, व्याज कुठल्या खिशात घातलंय ते दाखव. तो म्हणाला, "काकू, इतका विचार केलात तर किचन कधीच होणार नाही. बजेटचा प्रॉब्लेम असेल तर मोकळेपणाने सांगा, लोकल सुतार सुचवतो."

बजेटचा प्रॉब्लेम. माझ्याच घरात, माझा तिसरा चहा पिऊन.

आमच्या आत्ताच्या स्टीलच्या ट्रॉल्या 1998 साली सातपूरच्या एका फॅब्रिकेटरने करून दिल्या. त्याने कोटेशन वहीच्या पानावर लिहिलं होतं आणि विचार करायला महिना दिला होता. ट्रॉल्या अजून सरकतात. कुरकुरतात, पण सरकतात.

तुम्ही विचाराल, इतकं सगळं कळत होतं तर ऑर्डर फॉर्मवर सही का केली? हेच तुमच्या लोकांनी मला चार वेळा विचारलंय, म्हणून एकदाच लिहून देते. माझ्या यजमानांना मधुमेह आहे. इन्शुलिन घेऊन ते आठ वाजता जेवतात. हे मी त्याला पावणेआठला सांगितलं, साडेआठला सांगितलं, नऊला सांगितलं. दर वेळी "पाच मिनिटं, काका". परक्या माणसासमोर ताट मांडायचं नाही आणि घरी आलेल्याला जा म्हणायचं नाही, या आमच्या पिढीच्या खोडीवर तुमचा धंदा चालतो. 9:40 ला मी यूपीआयने 25,000 पाठवले ते किचनसाठी नाही, तो उठावा म्हणून. आठची मुदत उलटून तेव्हा पावणेदोन तास झाले होते. 3,36,000 चा भाव मात्र अजून जिवंत होता.

गेल्यावर त्याचा मेसेज आला, 9:52 ला: "डोन्ट वरी काकू, सात दिवसांत नको वाटलं तर फुल रिफंड." 8 सप्टेंबरला, म्हणजे तिसऱ्या दिवशी, मी ईमेलने ऑर्डर रद्द केली. तुमचं उत्तर: फॉर्मच्या मागच्या बाजूला फिक्या अक्षरांत लिहिलंय की टोकन परत मिळत नाही, ते 'डिझाइन शुल्क' धरलं जातं. कसलं डिझाइन? ती फुलदाणी?

'बिलासाठी' म्हणून घेतलेल्या माझ्या पॅनचं काय झालं, हेही सांगा. बिल आजतागायत आलेलं नाही. 6 सप्टेंबरला माझ्या नावावर कर्जासाठी चौकशी झाल्याचा मेसेज मात्र आला. मी कर्ज मागितलं नव्हतं. ज्या खुर्चीत बसून मी लोकांच्या अशा चौकशा तपासल्या, त्या खुर्चीची आठवण करून दिल्याबद्दल आभार.

आणि भाव. 10 सप्टेंबरला, ऐन पक्षात, तुमचा मेसेज आला: ऑफर वाढवली आहे. 22 ला, घटस्थापनेच्या सकाळी: सरसकट 50 टक्के सूट. 5,86,000 चे 2,93,000. ज्या नवरात्रात रेट वाढणार होता त्याच नवरात्रात तो 43,000 नी उतरला. मग 5,86,000 ला हे किचन आजवर कुणी घेतलंय का, ते कळवा. वस्तू सहसा ज्या किमतीला विकली जाते तिच्याबद्दल दिशाभूल करणं हे ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 2(47) मध्ये अनुचित व्यापारी प्रथा म्हणून लिहिलेलं आहे. तुमच्या कायदा विभागाला हे माहीत असणार.

माझ्या मागण्या सरळ आहेत. 25,000 रुपये पूर्ण, ज्या खात्यातून आले त्याच खात्यात, पंधरा दिवसांत. माझा पॅन कुठल्या वित्त कंपनीला कुणाच्या परवानगीने दिलात, याचं लेखी उत्तर. आणि त्या मुलाला कामावरून काढू नका. त्याला हे असंच बोलायला शिकवणाऱ्या माणसाचं नाव कळवा.

नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून मी जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकील लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. मी निवृत्त आहे. मला विचार करायला वेळ दिलेला आवडतो.

माझ्या बहिणीकडे चिंचवडला तुमचंच किचन आहे, चौदा वर्षं झाली, एक बिजागरी ढिली झालेली नाही. तिच्याकडे बघूनच मी तुम्हाला बोलावलं होतं, दुसऱ्या कुणाचं कोटेशनही घेतलं नाही. हे लिहिताना जास्त राग कशाचा येतोय म्हणाल तर याचा. असो. पंचवीस हजार परत करा.

आपली,
ऑर्डर फॉर्मवर जिचं नाव 'मिसेस' लिहून पुढे यजमानांचं लिहिलंत ती ग्राहक

ता.क. तुमच्या माणसाचा मेजरिंग टेप आमच्या ओट्यावर राहिलाय. कधीही येऊन घेऊन जा. तो रिफंडेबल आहे.