खो-खोत पळतं कोण?

खानापूर, जि. बेळगाव
१४ डिसेंबर

प्रिय सखे,

तुझं पत्र मिळालं. निपाणीत तुझ्या मुलींनी तालुका मारला, वाचून ऊर भरून आला बघ. माझ्याकडं तशी ढाल नाही, पण एक कागद आहे. तो पंधरा दिवस डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसले.

आमच्याकडचा पाऊस तुला ठाऊक आहे. जून ते सप्टेंबर मैदानात नुसता तांबडा चिखल, पीटीचा तास वर्गातच जातो. मैदान वाळलं की एकेक तास सोन्यासारखा वाटतो. म्हणून यंदा ठरवलं, माझ्या तासाला मुलं खरंच किती हलतात ते मोजायचं.

मोजायची एक पद्धत आहे, सोफिट. अमेरिकेत मॅकेन्झी, सॅलिस आणि नेडर यांनी १९९१ मध्ये मांडलेली. चार-पाच मुलं निवडायची आणि आळीपाळीनं एकेकाकडं बघायचं. दहा सेकंद बघायचं, दहा सेकंदांत लिहायचं: आडवा, बसलेला, उभा, चालतोय, की त्याहून जोरात. शेवटच्या दोनच खुणा हालचालीच्या धरायच्या. तासाचा निम्मा वेळ तरी त्यात जावा, अशी अपेक्षा असते. तास मी घेतला आणि आमच्या गणिताच्या बाई फणसाखाली कागद घेऊन बसल्या. चाळीस मिनिटांत १२० खुणा.

सखे, ‘उभा’चा रकाना गच्च भरला होता. हजेरी, रांग, सूचना, चेंडूची वाट. शिट्टी माझी, घसा माझा, मैदानभर धावपळही माझीच, म्हणून तास कसा दणक्यात झाला असं मला वाटत होतं. मुलं मात्र उभीच होती.

आणि आपला लाडका खो-खो! तू चिडशील, पण नीट बघ. पाठलाग करणाऱ्या नऊपैकी आठ पाटीवर बसलेले, एक पळतोय. समोर बचावाला तीन. म्हणजे मैदानातल्या बारांपैकी एका वेळी चारच जण पळतात. माझा वर्ग ४२ चा, बाकीचे तीस कडेला ओरडत उभे. स्पर्धेचा खो-खो वेगळा, त्याला तोड नाही. पण तोच जसाच्या तसा वर्गाच्या तासाला घेतला, तर चपळ पोरांचाच सराव होतो.

त्याहून वाईट म्हणजे बाद करायचे खेळ. जो हळू पळतो तो पहिल्यांदा बाद, आणि सगळ्यात जास्त वेळ तोच बसून. ज्याला पळण्याची गरज जास्त त्यालाच आपण बसवतो गं. निवडलेल्या चौघांत आठवीतली एक जाडसर, लाजाळू मुलगी होती. तिच्या नावापुढं ‘जोरात’ अशी एकही खूण नव्हती. मला रात्री झोप लागली नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ मध्ये आलेला अभ्यास वाचलास का? ११ ते १७ वयाच्या मुलामुलींना रोज साठ मिनिटं तरी दमछाकीची हालचाल हवी. २०१६ च्या आकड्यांप्रमाणे जगातल्या शंभरातल्या ८१ जणांची तेवढी होत नाही. मुलांत ७८, मुलींत ८५. गावातली पोरं शेतात राबतात, त्यांना कशाला व्यायाम, असं आपल्याकडं बोलतात. पण आता पोरं रिक्षानं शाळेला येतात आणि घरी गेल्यावर मोबाइल धरतात. मुलींना तर सातवी-आठवीनंतर अंगणातसुद्धा पळू देत नाहीत. त्यांच्या वाट्याला पळायला माझाच तास उरतो, तोही आठवड्यातून मोजकाच.

मग मी काय बदललं ते सांगते. मुलं मैदानाला फेऱ्या मारत असतानाच हजेरी घेते. वर्गाचे सात-सात जणांचे सहा गट केलेत. लंगडी एकाच वेळी सहा चौकोनांत चालते, आणि बाद झालेल्यानं बसायचं नाही, दोरीच्या वीस उड्या मारून परत आत यायचं. दोऱ्या विकत घेतल्या नाहीत, विहिरीचा जुना सोल कापून केल्या. रिले चौघांचीच, म्हणजे रांगेत तिष्ठायला नको. सूचना दोन वाक्यांत. गलका होतो, हेडसर दोनदा खिडकीतून बघून गेले, पण काही बोलले नाहीत.

परवा बाईंनी पुन्हा मोजलं. ‘उभा’ अजून आहेच, पण ‘चालतोय’ आणि ‘जोरात’ मिळून निम्म्याच्या पुढं गेले. ती आठवीतली मुलगी तास संपल्यावर दोरी घरी नेऊ का म्हणून विचारायला आली. दिली.

तुझ्या शाळेतही एक तास मोजून बघ. तुझ्या जिंकलेल्या मुली सोडून बाकीच्यांतल्या चौघी निवड. संक्रांतीला मी माहेरी येणार आहे, तेव्हा तो कागद घेऊन ये, दोन्ही शेजारी ठेवून बघू. काकूंना नमस्कार सांग.

तुझीच,
सखी