गोळी बंद करायला सांगता, मग बाटली आहे का ते तरी आधी बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझी मुलगी सहा वर्षांची. पहिल्यांदा अंगावर गांधी उठल्या तेव्हा घरात सगळे म्हणाले पित्त उठलंय, सासूबाईंनी आमसुलाचं पाणी लावलं आणि उतरलं पण. मग एकदा शाळेत कुणाच्या तरी डब्यातली मिक्स चिक्की खाल्ली आणि ओठ सुजले, उलट्या, आवाज घोगरा, जवळच्या डॉक्टरांनी लगेच मांडीत अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन दिलं म्हणून निभावलं. ते म्हणाले चिक्कीत दाणे, तीळ, काजू सगळंच होतं, नेमकं कशाने झालं ते टेस्ट करून घ्या, तोवर तिन्ही बंद. आता आमच्याकडे कूट नाही अशी भाजी-कोशिंबीर कुठली ते सांगा.

प्रायव्हेटमध्ये चौकशी केली, परवडणारं नव्हतं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्य सरकारने आरोग्य विभागाच्या हॉस्पिटलांत उपचार मोफत केलेत हे चांगलंच, पण आमच्या जवळच्या सरकारी दवाखान्यात ही टेस्टच होत नाही, मोठ्या हॉस्पिटलात जा म्हणाले. तिथे अ‍ॅलर्जीची ओपीडी आठवड्यातून एक दिवस, चार महिन्यांनी तारीख मिळाली. ठीक आहे, थांबलो.

खरी गंमत पुढे. या टेस्टच्या आधी सेट्रिझिन, म्हणजे तिची अ‍ॅलर्जीची-खाजेची गोळी, सात दिवस बंद ठेवायची, नाहीतर रिझल्ट चुकतो. सात रात्री पोर खाजवत होती, मी तिच्या हातात मोजे घालून झोपवायचे. आठव्या दिवशी कल्याणहून पहाटेची लोकल, नवऱ्याचा खाडा, केसपेपरची लाइन, आणि साडेअकराला कळलं की टेस्टचं औषध संपलंय, दोन बाटल्या शिल्लक आहेत त्या धुळीच्या आणि झुरळाच्या अ‍ॅलर्जीच्या टेस्टच्या. पुढची तारीख अडीच महिन्यांनी. तेव्हा परत सात दिवस गोळी बंद, परत मोजे, आणि त्या दिवशी डॉक्टर कॅम्पला गेलेले. मला तिथल्या शिकाऊ डॉक्टर मुलीवर राग नाही, ती बिचारी सकाळपासून चहासुद्धा न पिता पेशंट काढत होती, तिच्या हातात काय आहे.

टेस्ट म्हणजे तरी काय, हातावर थेंब टाकायचे, त्यातून बारीक टोचायचं आणि पंधरा-वीस मिनिटांनी फुगवटा मोजायचा, बस. त्यासाठी सात महिने होऊन गेले. शेजारच्या ताई म्हणतात दोनशे पदार्थांचं पॅकेज करून घ्या रक्ताचं, पण त्या आयजीजीच्या (रक्तातल्या एका प्रकारच्या अँटीबॉडी मोजायच्या) टेस्टने अ‍ॅलर्जी कळत नाही असं डॉक्टरांनीच सांगितलंय.

माझं मागणं फार मोठं नाही. तारखेच्या आठ दिवस आधी, म्हणजे गोळी बंद करायच्या आधी, एक फोन किंवा एसएमएस करा की बाटल्या आहेत, डॉक्टर आहेत, या. नसतील तर तेव्हाच सांगा, निदान पोराला उगाच खाजवत ठेवणार नाही. आणि ज्या मुलांना इंजेक्शन द्यायची वेळ आलीय त्यांचे पेपर वेगळे काढून आधी घ्या, नुसत्या शिंका येणाऱ्याच्या मागे त्यांना उभं करू नका.

तिसरी तारीख गणपतीनंतरची दिलीय. तोवर आरतीला जाईल तिथे खिरापतीत काय काय घातलंय ते विचारत फिरायचं, आणि लोकांना वाटणार हिचे फारच नखरे.

एक आई, कल्याण